घरच्या संगणकाचे दप्तर



व्याख्यानमालेत मोठमोठ्या विषयांवर भाषणे होतात. राज्यघटना असते, संतवाङ्मय असते, पाणीप्रश्न असतो. अशा पंक्तीत 'घरच्या संगणकाची हार्ड डिस्क कशी बदलावी' हा विषय घेऊन उभे राहणे म्हणजे पक्वान्नांच्या पंगतीत भाकरी वाढण्यासारखे आहे, याची मला जाणीव आहे. पण भाकरीवाचून रोज कोणाचे चालत नाही, म्हणून आपण मला हा तास द्याल अशी आशा आहे.

आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेला एखादा संगणक असेल. घेतला तेव्हा तो चपळ होता. आता सकाळी त्याचे बटण दाबावे, चहा टाकावा, चहा पिऊन कप विसळून ठेवावा, तरी तो अजून जागा होतच असतो. मग घरातले कोणी म्हणते, "जुना झाला, नवा घ्या." दुसरे कोणी म्हणते, "नुसती हार्ड डिस्क बदला, पुन्हा धावेल." हे दुसरे मत बहुतेक वेळा बरोबर असते. परंतु ते जितक्या सहज बोलले जाते तितक्याच सहज अमलात आणले, तर एखादे वेळी पैशाने भरून न येणारे नुकसान होते. पूर्वी घराचे दप्तर लाल रुमालात बांधून माळ्यावरच्या पेटीत ठेवीत. आज सातबाराचे उतारे, मुलांचे दाखले, कराची विवरणपत्रे, लग्नामुंजीची छायाचित्रे, सारे या एका डबीत असते. म्हणून हार्ड डिस्क बदलण्यात यंत्राचे काम थोडे आणि दप्तर हलवण्याचे काम फार, हेच आज मला मुख्यतः सांगावयाचे आहे.

कोठी आणि ओटा

प्रथम ही वस्तू आहे काय ते पाहू. संगणकात माहिती दोन ठिकाणी राहते. स्वयंपाकघरात जसा ओटा असतो आणि कोठी असते, तसेच हे आहे. काम चालू असताना लागणारे जिन्नस ओट्यावर असतात. ओटा हाताशी असतो, पण लहान असतो, आणि वीज गेली की तो आपोआप रिकामा होतो. यालाच रॅम म्हणतात. कोठीत ठेवलेले मात्र वीज गेली तरी जागच्या जागी राहते. हार्ड डिस्क म्हणजे ही कोठी.

हा भेद सांगण्याचे कारण असे की, कोठी मोठी केल्याने ओटा मोठा होत नाही. संगणकात रॅम थोडी असेल, तर ओटा भरला की तो जिन्नसांची कोठीत ने-आण करू लागतो आणि सर्व काम रेंगाळते. तेव्हा खर्च करण्यापूर्वी दुखणे कोठे आहे ते पाहावे. विंडोजच्या संगणकावर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात मेमरीचा रकाना नव्वद टक्क्यांच्या वर गेलेला दिसला, तर आधी रॅमचा विचार करावा. मेमरी मोकळी असून डिस्कचा रकाना मात्र शंभर टक्क्यांवर खिळून राहिला असेल, तर दोष कोठीचा आहे असे समजण्यास हरकत नाही.

चक्रपाळण्याचा हिशेब

ही कोठी मंद का पडते, हे समजण्यासाठी तिच्या आत डोकवावे लागेल. पहिली हार्ड डिस्क १९५६ साली आय.बी.एम. कंपनीने ३०५ रॅमॅक या यंत्राबरोबर बाजारात आणली. तीत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि एवढ्या खटाटोपात ५० लक्ष अक्षरे मावत. १९८३ साली त्याच कंपनीचा पी.सी. एक्स.टी. हा टेबलावरचा संगणक १० एम.बी.च्या डिस्कसह आला, तेव्हा ती चैन वाटली. आज तळहातावर मावेल अशा एका डिस्कमध्ये ३० टी.बी.हून अधिक माहिती राहते. एका अक्षराला एक बाइट धरला, तर ही वाढ ६० लक्ष पटींच्या घरात जाते. या वाढीमागे पुष्कळ शास्त्रज्ञांचे श्रम आहेत. आल्बेर फेर आणि पीटर ग्रुनबर्ग यांनी १९८८ साली, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चुंबकीय थरांचा जो गुणधर्म शोधला, त्याच्या आधारे अतिशय सूक्ष्म चुंबकीय खुणा वाचणे शक्य झाले. त्याबद्दल त्यांना २००७ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

पण साठा एवढा वाढला, तरी आतली मूळ रचना बदलली नाही. तबकडी फिरत असते आणि एका दांडीच्या टोकाला बसवलेले शीर्ष तिच्यावरील चुंबकीय खुणा वाचते. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते. हे शीर्ष टेकत नाही, तर तबकडीच्या वर अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगते. आपल्या डोक्यावरच्या केसाची जाडी सुमारे ८० हजार नॅनोमीटर असते, यावरून ते अंतर किती थोडे असेल याची कल्पना यावी. चालू संगणकाला धक्का देऊ नये असे सांगतात, त्याचे कारण हेच.

आता वेगाचा हिशेब करू. जत्रेतल्या चक्रपाळण्यात आपला पाळणा खाली येईपर्यंत जसे थांबावे लागते, तसेच हवी ती खूण शीर्षाखाली येईपर्यंत येथे थांबावे लागते. मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे सेकंदाला १२० फेरे. एका फेऱ्यास ८.३ मिलिसेकंद लागतात. सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद. शीर्षाला योग्य वर्तुळापर्यंत सरकण्यास आणखी ८-९ मिलिसेकंद. एकूण झाले १२-१३. म्हणजे विखुरलेल्या जागी ठेवलेल्या वस्तू आणावयाच्या झाल्या, तर सेकंदात जेमतेम ८० खेपा होतात. संगणक सुरू होताना हजारो लहान लहान फाइली गोळा कराव्या लागतात. आपला चहा पिऊन का होतो, ते आता ध्यानात येईल.

एस.एस.डी. नावाच्या नव्या कोठीत फिरणारे काहीच नाही. तोशिबा कंपनीतील फुजिओ मासुओका यांनी १९८०नंतरच्या दशकात जी फ्लॅश स्मृती शोधली, तिच्या चिप या पट्टीवर बसवलेल्या असतात. माहिती सूक्ष्म कप्प्यांत विद्युतभाराच्या रूपाने राहते. एका खेपेस सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो. एकामागून एक गेले तरी सेकंदात १० हजार खेपा होतात. जुन्या संगणकाला तारुण्य आल्यासारखे वाटते, ते या फरकामुळे.

'एस.एस.डी. लिहून लिहून झिजते' अशी एक भीती लोकांच्या मनात असते. ती खोटी नाही, पण वाजवीपेक्षा मोठी आहे. ५०० जी.बी.च्या चांगल्या एस.एस.डी.वर साधारणतः १५० ते ३०० टी.बी. लिखाणाची हमी असते. घरात रोज २० जी.बी. लिहिले गेले, तर वर्षाला ७.३ टी.बी. होतात, म्हणजे कमीत कमी २० वर्षे झाली. खरा धोका निराळा आहे. फिरणारी डिस्क पुष्कळदा टकटक आवाज करून आपली प्रकृती बिघडल्याचे सांगते, एस.एस.डी. एखाद्या सकाळी काही न सांगता मुकी होते. शिवाय ती वर्षानुवर्षे विजेविना कपाटात पडून राहिली, तर कप्प्यांतील भार हळूहळू गळतो. छायाचित्रे घालून तिजोरीत ठेवून देण्याची ही वस्तू नव्हे.

खरेदीपूर्वी

दुकानात जाण्यापूर्वी आपल्या संगणकात काय बसते ते माहीत करून घ्यावे. सर्वांत सोपी वस्तू म्हणजे अडीच इंची साटा एस.एस.डी. ती बहुतेक जुन्या लॅपटॉपांत मूळ डिस्कच्या जागीच बसते. टेबलावरच्या संगणकासाठी मात्र माहितीची एक साटा तार आणि वीजपुरवठ्याचे एक मोकळे टोक लागते. दुसरा प्रकार एम.२ या नावाच्या पट्टीचा. ती नेहमीच्या मापात २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब असते. येथे एक फसगत होते. एम.२ पट्ट्या साटा आणि एन.व्ही.एम.ई. अशा दोन रीतींच्या असून दिसायला जवळजवळ सारख्या असतात. आपल्या संगणकाची खाच कोणती रीत स्वीकारते, ते त्याच्या माहितीपुस्तिकेत पाहूनच घ्यावे. साटा एस.एस.डी. सेकंदाला सुमारे ५५० एम.बी. वाचते, एन.व्ही.एम.ई. त्याच्या कितीतरी पट. परंतु पत्रव्यवहार, हिशेब आणि छायाचित्रे पाहणे एवढेच काम असेल, तर हा दुसरा फरक फारसा जाणवत नाही. जाणवतो तो फिरत्या तबकडीवरून एस.एस.डी.वर येण्याचा.

१ टी.बी.ची डिस्क घरी आणून लावली की विंडोज ९३१ जी.बी. दाखवते आणि आपल्याला दुकानदाराचा संशय येतो. तो बिचारा निर्दोष असतो. कारखानदार हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४च्या पटीत. माल तेवढाच असतो.

आधी नक्कल, मग स्क्रूड्रायव्हर

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. संगणकाचे झाकण उघडण्यापूर्वी संपूर्ण दप्तराची नक्कल, ज्याला सर्वजण बॅकअप म्हणतात, ती तिसऱ्याच ठिकाणी झाली पाहिजे. तिसऱ्या ठिकाणी म्हणजे जुन्या डिस्कवरही नव्हे आणि नव्या डिस्कवरही नव्हे. बाहेरून जोडावयाच्या एखाद्या वेगळ्या डिस्कवर. नक्कल झाल्यावर ती दुसऱ्या संगणकाला जोडून पाच-दहा फाइली उघडून पाहाव्यात. न उघडून पाहिलेली नक्कल म्हणजे न मोजता घेतलेली नोटांची गड्डी होय.

नक्कल करताना तीन गोष्टी हटकून राहतात. पहिली, हिशेबाच्या प्रोग्रॅममधील नोंदी; त्या 'डॉक्युमेंट्स'मध्ये नसून पुष्कळदा त्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरात असतात. दुसरी, मराठी अक्षरांचे जुने टंक. युनिकोड घरोघरी रुळण्यापूर्वी आपण श्रीलिपी, आकृती यांसारख्या टंकांत लेख टाइप केले. त्यांत मराठी अक्षर रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. नव्या डिस्कवर तो टंक नसेल, तर आजोबांच्या आठवणींची शंभर पाने उघडतात खरी, पण त्यांवर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. म्हणून त्या टंकांच्या फाइलीही जपून ठेवाव्यात. तिसरी गोष्ट, कुलूपबंद डिस्कची किल्ली. काही संगणकांत बिटलॉकर नावाची व्यवस्था डिस्कवरील मजकूर कुलूपबंद ठेवते. तिची ४८ आकडी किल्ली आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती हरवली, तर मालकालाही आपले दप्तर उघडत नाही.

जुनी डिस्क टकटक करीत असेल, तर तिच्याकडून फार काम घेऊ नये. जे सर्वांत मोलाचे ते प्रथम उतरवून घ्यावे. ती मुळीच वाचली जात नसेल, तर संगणक बंद करून जाणकाराकडे जावे. तिचे झाकण मात्र घरी कधीही उघडू नये. धुळीचा एक कण शीर्षाच्या वाटेत डोंगरासारखा उभा राहतो.

एक चूक

हे मी इतक्या आग्रहाने सांगतो, त्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मी माझ्या संगणकात दुसरी डिस्क जोडली. जुनीही ५०० जी.बी.ची, नवीही ५०० जी.बी.ची. नवी डिस्क वापरण्यापूर्वी ती आखून घ्यावी लागते, म्हणजे फॉरमॅट करावी लागते. पडद्यावर दोन सारख्या ओळी दिसत होत्या. संगणकाने विचारले, 'यातील सर्व माहिती पुसली जाईल, चालेल काय?' मी 'हो' म्हटले. मग त्या डिस्कवर संध्याकाळभर सहलीची छायाचित्रे भरीत बसलो. दुसऱ्या दिवशी कळले की मी आखली ती जुनी डिस्क होती.

त्या डिस्कवर आमच्या अक्काने म्हटलेली मंगळागौरीची बारा गाणी होती. मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून, मोबाइल भरला म्हणून तेथून पुसून, मी ती संगणकावर ठेवली होती. अक्का आदल्या वर्षीच गेली होती. फॉरमॅटने बहुधा केवळ अनुक्रमणिका पुसली जाते, मजकूर मागे असतो. मी तेथेच थांबलो असतो, तर गाणी परत मिळाली असती. पण मी त्यांच्यावर छायाचित्रे लिहिली होती. तीन गाणी वाचली, तीही नाशिकच्या भाचीला मी कधीतरी पाठवली होती म्हणून. नऊ गेली. दोष यंत्राचा नव्हता, दुकानदाराचा नव्हता. नक्कल केली नव्हती आणि ओळ नीट वाचली नव्हती, एवढेच.

तेव्हा नवी डिस्क आखताना दुसरी डिस्क काढून ठेवता आली, तर काढून ठेवावी. ते शक्य नसेल, तर डिस्कचे नाव, कंपनी आणि आकार कागदावर लिहून पडद्यावरील ओळीशी ताडून पाहावे, आणि शक्य तर शेजारी कोणाला तरी बसवून त्याच्याकडूनही वाचून घ्यावे.

प्रत्यक्ष काम

यापुढचे काम अर्ध्या-पाऊण तासाचे आहे. संसार हलवण्याच्या दोन रीती आहेत. एक, जुन्या डिस्कची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर उतरवणे, ज्याला क्लोन म्हणतात. त्यासाठी क्लोनझिला यासारखे मोफत प्रोग्रॅम आहेत, आणि लॅपटॉपला नवी डिस्क बाहेरून जोडण्यासाठी यू.एस.बी.ची एक तार मिळते. नवी डिस्क जुनीहून लहान असली, तर काही प्रोग्रॅम हे काम नाकारतात, हे ध्यानात ठेवावे. दुसरी रीत, विंडोज नव्याने घालून लागेल तेवढेच दप्तर आणणे. जुन्या संगणकात बराच केरकचरा साठला असेल, तर ही बरी. आजकालच्या विंडोजचा परवाना सामान्यतः मदरबोर्डशी निगडित असल्यामुळे केवळ डिस्क बदलल्याने तो पुन्हा विकत घ्यावा लागत नाही. कोणतीही रीत असो, काम चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ पाहावी किंवा यू.पी.एस. जोडावा.

मग संगणक पूर्ण बंद करावा, वायर भिंतीतून काढावी, लॅपटॉप असेल तर आतल्या बॅटरीचे टोक सोडवावे. कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते. म्हणून सुट्या भागांना हात लावण्यापूर्वी संगणकाच्या धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा. दुकानात ज्याला 'स्टार' म्हणतात तो फुलीच्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर पुरतो. निघालेले स्क्रू कागदावर, ज्या जागेचे त्या जागी मांडून ठेवावेत. त्यांची लांबी सारखी नसते. साटा जोडाचे तोंड काटकोनी असते, ते एकाच बाजूने बसते. बसत नसेल तर जोर करू नये, बाजू बदलावी.

नवी डिस्क बसवली की पहिल्यांदा संगणक सुरू करताना जुनी डिस्क आत ठेवू नये. म्हणजे नवी खरोखरच स्वतःच्या पायांवर उभी राहते की नाही ते कळते, आणि काही बिनसले तर जुनी अबाधित असते. संगणक नव्या डिस्ककडे पाहतच नसेल, तर बायॉसमध्ये जाऊन सुरुवात कोठून करावयाची तो क्रम बदलावा.

जुन्या डिस्कचे काय करावे? एक-दोन महिने तिला हात लावू नये. काय राहिले ते तेवढ्यात आठवते. नंतर ती धडधाकट असेल, तर नकला ठेवण्यास उत्तम. टाकावयाचीच असेल, तर नुसते फॉरमॅट करून भंगारवाल्याला देऊ नये. माझी गाणी जशी आधी मागे राहिली होती, तशीच आपली बँकेची कागदपत्रेही मागे राहतात. फिरत्या डिस्कवर संपूर्ण नवे लिखाण करून, आणि एस.एस.डी. असेल तर कारखानदाराने दिलेल्या पुसण्याच्या सोयीने ती साफ करून, मगच ती अधिकृत ई-कचरा केंद्रात द्यावी.

शेवटी एक विनंती. येथून घरी गेल्यावर नवी डिस्क घेण्याचा विचार उद्यावर टाकला तरी चालेल. पण आपल्या संगणकावर अशी कोणती वस्तू आहे, की जिची दुसरी प्रत जगात कोठेच नाही, एवढे आज रात्री पाहावे. तिची एक प्रत वेगळ्या डिस्कवर करावी आणि एक दुसऱ्या घरी, दुसऱ्या गावी कोणाकडे तरी पाठवावी. आमच्या घरात अक्काचा आवाज आज तीन गाण्यांपुरता ऐकू येतो. तो नाशिकला पाठवला होता म्हणून राहिला.